कुत्रं गेल्यानंतर: पहिल्या तासापासून पुढच्या गड्डा जत्रेपर्यंत

रोज दोनदा फिरायला नेलं असं धरलं, तर बारा वर्षांत ८,७६० फेऱ्या होतात. त्यात दोन वेळचं जेवण मिळवा, गाडीचा आवाज ओळखून फाटकाशी धावणं मिळवा, ताटाशेजारी बसून भाकरीच्या शेवटच्या घासाची वाट बघणं मिळवा. बेरीज पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते. इतक्या वेळा घडलेली गोष्ट एका दुपारी थांबते आणि संध्याकाळी पाहुणे म्हणतात, "अहो, कुत्रंच तर होतं."

घरातलं कुत्रं गेल्याचं दुःख समजून घ्यायचं तर या बेरजेपासूनच सुरुवात करावी लागते. ते आठवणीत असतं त्याहून जास्त हातापायांत असतं. हात भाकरीचा तुकडा मोडतो आणि सवयीने खाली जातो, तिथे कोणी नसतं. पण हे सगळं कळायच्या आधी काही कामं अंगावर येतात आणि सोलापूरच्या उन्हात त्यांना वेळ फार थोडा असतो. म्हणून आधी ती.

पहिले काही तास

प्राण गेल्याची खात्री करून घ्या. छातीची हालचाल पाच मिनिटं नाही, डाव्या कोपराच्या मागे बरगडीवर हात ठेवला तर ठोका लागत नाही, बुबुळाला कापसाने हलकेच स्पर्श केला तरी पापणी मिटत नाही, ही खूण. शंका असेल तर डॉक्टरांना बोलवा. यानंतरही एखादा मोठा उसासा येऊ शकतो, पाय थरथरू शकतात, लघवी-संडास होऊ शकते. हे शरीराच्या उरलेल्या आपोआप हालचालींमुळे आणि स्नायू सैल पडल्यामुळे होतं. "तो अजून जिवंत होता, आपण घाई केली" ही टोचणी पुष्कळ घरांत याच उसाशापासून सुरू होते, म्हणून ते आधीच माहीत असलेलं बरं. डोळे बहुधा उघडेच राहतात. मिटवले तरी परत उघडतात, त्याचा अर्थ लावत बसू नका.

शरीर दोन-तीन तासांत ताठरायला लागतं, उन्हाळ्यात त्याआधीही. तेवढ्यात पाय पोटाशी दुमडून, झोपेत असतो तसं आखडून ठेवा. एकदा ताठरलं की तीस किलोचं लॅब्रॅडॉर दारातून नेणंही अवघड होतं आणि खड्डाही दीडपट मोठा लागतो. खाली प्लास्टिक, त्यावर जुनी वर्तमानपत्रं, शेपटीखाली टॉवेल. घरातली सगळ्यात गार फरशी बघा, पंखा लावा. मुलगा किंवा मुलगी पुण्याहून निघाली असेल आणि थांबायचं असेल, तर बर्फाच्या लादीचे तुकडे पिशव्यांत भरून पोटाला लावा. कुजण्याची सुरुवात आतड्यांतल्या जिवाणूंपासून होते, त्यामुळे बर्फ डोक्याशी ठेवून फारसा उपयोग नाही. पारा चाळिशीच्या वर असताना बर्फाशिवाय सहा-आठ तासांपेक्षा जास्त थांबू नये. डिसेंबरात एक रात्र निभावते.

एका बाबतीत मात्र भावना बाजूला ठेवा. शेवटच्या दिवसांत कुत्रं विचित्र वागत होतं, गिळता येत नव्हतं, तोंडातून लाळ गळत होती, कोणाला चावलं होतं, यातलं काही झालं असेल तर उघड्या हाताने शरीराला हात लावू नका. मुलांना जवळ घेऊ देऊ नका आणि पुरण्याआधी पशुवैद्यांना कळवा. रेबीजचा संशय असेल तर पुढे काय करायचं ते तेच ठरवतील. ज्याला चावा बसला किंवा जखमेवर लाळ लागली, त्याने जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

माती

स्वतःची जागा किंवा शेत असेल तर पुरणं हा सोपा मार्ग. सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलावाचा काठ, बागा, मोकळे प्लॉट, नाल्याचा उतार या जागा टाळा. विहीर किंवा बोअरपासून निदान दीडशे फूट लांब. मोठ्या कुत्र्याला चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा लागतो. दोन फुटांवर भागवलं तर आठ दिवसांत भटकी कुत्री उकरतात, आणि ते दृश्य मरणापेक्षाही जास्त दिवस डोळ्यांसमोर राहतं.

आपल्याकडची काळी माती इथे त्रास देते. उन्हाळ्यात ती भेगाळते, भेगांतून वास वर येतो. पावसात फुगते, चिखल होतो, मग खचते. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो आणि फावडं थांबतं. पहार आणि टिकाव बरोबर असू द्या. माती फारच कडक असेल तर आधी दोन बादल्या पाणी ओतून तासभर मुरू द्या. खड्डा भरल्यावर वर फूटभर उंच ढीग ठेवा, कारण पहिल्या पावसात माती बसते. ढिगावर दगड किंवा बाभळीच्या काट्या.

मीठ आणि चुना टाकण्याची पद्धत आहे. त्याने वास कमी होतो, उकरणारी जनावरं लांब राहतात, तेवढ्यापुरतं ठीक. शरीर लवकर मातीत मिसळतं ही समजूत मात्र उलटी आहे, दोन्हींमुळे कुजणं मंदावतं. खोली नीट असेल तर काही टाकायची गरज नाही.

प्लास्टिकच्या गोणीत कधीच गुंडाळू नका, आत वर्षानुवर्षं तसंच राहतं. बहुतेक घरांत कुत्र्याची स्वतःची एक जुनी सोलापुरी चादर असतेच, तीच घ्या. फक्त ती सुती आहे का ते बघा. एक दोरा ओढून पेटवा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत, वितळून टणक मणी झाला तर पॉलिस्टर. सुती चादर मातीत विरते. पट्टा, बिल्ला, नायलॉनचा हार्नेस काढून घ्या.

जागाच नसेल तर मेलेली जनावरं उचलण्याचं काम महापालिकेच्या घनकचरा विभागाचं आहे. आपल्या भागाच्या झोन कार्यालयात फोन करून तीनच गोष्टी विचारा: गाडी किती वाजता येईल, शरीर कुठे नेतात, घरच्या एकाला बरोबर जाता येईल का. कचऱ्याच्या गाडीत टाकलेलं बघणं सहन होणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच गावाकडे शेत असलेल्या मित्राला शब्द टाकून ठेवावा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात ही चौकशी सहा महिने आधी करण्यात काही अशुभ नाही.

सुतक धरायचं का, हा प्रश्न हमखास येतो. सुतक माणसांच्या नात्यागोत्याशी बांधलेलं आहे, जनावराला ते लागू होत नाही. पण दिवा लावायला, नैवेद्याचा घास ठेवायला कोणाची मनाई नाही. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाजवळ कुत्रं असतं, दत्ताच्या पायाशी चार असतात, आणि आपल्याकडून अक्कलकोट काही लांब नाही. ज्या घरात कुत्र्याला देवाच्या गोतावळ्यात जागा आहे, तिथे त्याच्या नावाने एक दिवा लावला तर लाजायचं कारण काय?

इंजेक्शन देऊन निरोप दिला असेल तर

साधारणपणे आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, कुत्रं पाच-दहा मिनिटांत गाढ झोपतं, मग शिरेतून भूल देणारं औषध मोठ्या मात्रेत. आपल्याकडे बहुधा थायोपेंटोन वापरतात. मेंदू आधी बंद होतो, मग श्वास, मग हृदय. शिरेतलं औषध गेल्यावर काही मिनिटांत संपतं. पाण्याची कमतरता असलेल्या किंवा फार म्हाताऱ्या कुत्र्याची शीर लवकर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं. डॉक्टर अनाडी होते असं यावरून ठरत नाही. हे औषध शरीरात टिकतं आणि ते शरीर खाणारी घार किंवा भटकं कुत्रंही मरू शकतं, म्हणून अशा वेळी खड्ड्याच्या खोलीत अजिबात सूट नाही.

"लवकर केलं की उशीर केला?" हा प्रश्न नंतर छळतो. तो आधीच कागदावर सोडवता येतो. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य डॉक्टरांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी दिली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. दहा म्हणजे उत्तम. सत्तरपैकी बेरीज पस्तिसाच्या वर असेपर्यंत सांभाळणं चालू ठेवण्यात अर्थ आहे. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यायचे, आठवड्यातून दोनदा, तारीख घालून. नंतर मन खायला उठलं की ती वही उघडायची. आठवण बदलते, वही बदलत नाही.

मेंदूत काय चालतं

मेंदू सतत पुढचा क्षण ओळखून ठेवत असतो. कडी वाजली की नखांचा टकटक आवाज येणार, हे त्याने हजारो वेळा शिकलेलं असतं. कुत्रं गेलं तरी हे शिकणं तिथेच असतं. म्हणून पहाटे पाचला जाग येते, जिन्यात पावलं ऐकू येतात, कोपऱ्यात काळी सावली दिसते. वेड लागलंय की काय, अशी भीती वाटते. जवळचं कोणी गेल्यावर असे भास होणं नेहमीचं आहे.

प्रत्येक वेळी कडी वाजते आणि कोणी येत नाही, तेव्हा मेंदू आपला अंदाज थोडासा दुरुस्त करतो. ही दुरुस्ती मोजूनमापून होते, प्रसंग जितक्या वेळा येतो तितकी. फाटकाची कडी दिवसातून दहा वेळा वाजते, तर तिची टोचणी काही आठवड्यांत बोथट होते. रविवारचं मटण आठवड्यातून एकदा, त्याला महिने लागतात. आणि गड्ड्याची जत्रा, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा, शोभेच्या दारूचा आवाज, पलंगाखाली शिरून थरथरणारं ते अंग? ते वर्षातून एकदाच. म्हणून एप्रिलमध्ये गेलेल्या कुत्र्यासाठी जानेवारीत, सगळं सावरलंय असं वाटत असताना, अचानक रडू कोसळतं. तुम्ही मागे गेलेला नसता, त्या प्रसंगाची ती पहिलीच वेळ असते. दिवाळी, पहिला पाऊस, उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेली अंथरुणं, या तारखा आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवलेल्या बऱ्या.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. फिरण्याचा रस्ता, त्याचा कोपरा, ती वेळ, सगळं टाळलं तर मेंदूला दुरुस्तीची संधीच मिळत नाही. विजापूर रोडने रोज फिरायचात तर आठवड्याभराने त्याच वेळी, त्याच रस्त्याने, पट्टा नसलेल्या हाताने निघा. पहिल्या दिवशी निम्म्यातून परत आलात तरी चालेल. उलट दिवसभर फोटोच बघत बसणंही बरं नाही. शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोबी आणि शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की माणूस दोन टोकांमध्ये झोके घेतो, कधी दुःखात, कधी रोजच्या कामात, आणि हे झोके घेणंच प्रकृतीला धरून आहे. सकाळी रडून दुपारी चहाच्या टपरीवर हसलात तर प्रेम खोटं ठरत नाही.

दुःखाच्या पाच पायऱ्या सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांबद्दल. आपली कोणती पायरी चाललीये हे शोधत बसू नका.

अपराधी वाटतं तेव्हा

कुत्र्याच्या दुःखात हा भाग सगळ्यात जड असतो, कारण त्याचं खाणं, पाणी, दवाखाना, सगळे निर्णय आपलेच होते. त्याने कधी "दुखतंय" म्हटलं नाही. इथे "तुमची काही चूक नाही" असं सरसकट सांगणारे लोक मदत करत नाहीत. तीन वेगळ्या गोष्टी सुट्या कराव्या लागतात.

पहिली, जे कळणं शक्यच नव्हतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत बाहेर फारसं काही दिसत नाही. गोचीड तापाचे जंतू महिनोन्‌महिने शांत बसून मग एकदम नाकातून रक्त आणतात. प्लीहेवरची गाठ फुटेपर्यंत कुत्रं उड्या मारत असतं. "मला आधी कळायला हवं होतं" हे वाक्य शेवट माहीत झाल्यावर सुचतं. त्या वेळी समोर होतं ते फक्त "आज जेवला नाही", आणि मे महिन्यात पुष्कळ कुत्री एखादा दिवस जेवत नाहीत.

दुसरी, जे पैशामुळे किंवा अंतरामुळे झालं नाही. पुण्याला न्यायला हवं होतं का? आजारी जनावराला गाडीत घालून अडीचशे किलोमीटर नेण्याचाही त्रास असतो. घरच्या खर्चाचा विचार करणं हा गुन्हा नव्हे.

तिसरी, खरी चूक. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बांधलं, बंद गाडीत ठेवलं, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची लस राहून गेली. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं, ४१ च्या वर गेलं की आतले अवयव होरपळायला लागतात, आणि बंद जागेत तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. अशी चूक झाली असेल तर ती घरात एकदा, स्पष्ट शब्दांत बोला. कोणाकडून झाली हे दहादा उगाळू नका. मग त्या चुकीवर काम करा: शेडला सावलीचं कापड, दारात पाण्याची दगडी कुंडी, गल्लीतल्या पिल्लांच्या लसीचा खर्च. खऱ्या चुकीचं ओझं बोलण्यापेक्षा अशा कामाने जास्त हलकं होतं.

घरातले बाकीचे

मराठीत आपण मरणाला "गेला" म्हणतो आणि लहान मुलांचा घोळ इथेच होतो. गेला म्हणजे कुठे? कधी येणार? "शेतावर सोडला" म्हटलं तर चार वर्षांचं मूल दर रविवारी शेतावर चल म्हणतं. "झोपला" म्हटलं तर झोपायलाच घाबरतं. "मेला" हा शब्द आपल्याला कडू लागतो, पण मुलाला तोच समजतो: त्याचं शरीर बंद पडलं, आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, तो परत येणार नाही. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मरण कायमचं असतं हे मुलांना उमगायला लागतं. त्याआधी तोच प्रश्न वीस वेळा आला तर वीस वेळा तेच उत्तर द्या. "मी शेपूट ओढली म्हणून मेला का?" हा प्रश्न मूल तोंडाने विचारत नाही, म्हणून आपणच सांगून टाकायचं की तुझ्यामुळे झालेलं नाही.

बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांपासून "परीक्षा आहे, नंतर सांगू" म्हणून लपवू नका. महिन्याने कळलं की कुत्र्याच्या दुःखावर घरच्यांनी फसवल्याचा राग चढतो, आणि तो राग जास्त टिकतो.

आजी-आजोबांकडे लक्ष द्या. सगळे कामाला गेल्यावर दिवसभर त्यांच्याशी असायचं ते कुत्रंच. घरात मराठी बोलणारी आजी कुत्र्याशी मात्र माहेरच्या कन्नडमध्ये किंवा तेलुगूत बोलत असेल, तर त्याच्याबरोबर तिची ती भाषाही गप्प होते. त्या रिकाम्या वेळेत कोणीतरी रोज ठरावीक तासाला फोन करावा.

दुसरं कुत्रं असेल तर त्याला शरीर हुंगू द्या, संसर्गाचा संशय नसेल तर. इटलीत ४२६ कुत्रापालकांकडून माहिती घेऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८६ टक्के लोकांनी सांगितलं की मागे राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बदललं. ते जास्त चिकटायला लागलं, खेळ आणि खाणं कमी झालं. त्याच्या जेवणाच्या वेळा आणि फेऱ्या मोडू नका. दया येऊन चिकन-अंडी सुरू केलीत तर नेहमीचं खाणं कायमचं सोडेल. पूर्ण दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर "दुःखात आहे" म्हणून थांबू नका, रक्त तपासा. पहिलं गोचीड तापाने गेलं असेल तर त्या गोचिडी अजून त्याच अंगणात असू शकतात.

बाहेरचं जग आणि मदत

समाज ज्याला जागा देत नाही अशा दुःखाचा विचार केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडला. ना रजा, ना भेटायला येणारे, ना तेरावा. लपवून रडावं लागतं म्हणून हे दुःख लांबतं. त्यावर साधा उपाय म्हणजे स्वतःहून जागा करणं. त्याला ओळखणाऱ्या चार जणांना घरी बोलवा: दूधवाला, वॉचमन, शेजारचा मुलगा, त्याचे डॉक्टर. चहा करा, प्रत्येकाला एक गोष्ट सांगू द्या. आणि तुम्ही भेटायला जाणारे असाल तर "दुसरं आणा" हे पहिल्या महिन्यात तोंडातून काढू नका. त्याचं नाव घ्या, तेवढं पुरतं.

किती दिवस चालेल, याला नेमका आकडा नाही. माणसाच्या मृत्यूनंतरच्या लांबलेल्या शोकासाठी जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांची, तर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांची नियमावली प्रौढांसाठी वर्षाची मुदत धरते. कुत्र्याच्या बाबतीत कॅलेंडरपेक्षा कामकाज बघा. दोन आठवडे झोप आणि जेवण धड नाही, कामावर जाणं सुटलंय, दारू वाढलीये, तर डॉक्टरांशी बोला. "आता जगून काय करू" असं वाटलं तर त्याच क्षणी १४४१६ वर फोन लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं.

ताटली, पट्टा आणि पुढचं पिल्लू

पहिल्याच दिवशी कोणीतरी उत्साही नातेवाईक सगळं सामान बोहारणीला देऊन टाकतो. थांबवा त्याला. ताटली धुऊन जागेवर असू द्या, मग दर आठवड्याला एक वस्तू हलवा, घरातल्या सगळ्यांना सांगून. उघडलेली खाण्याची पिशवी उन्हाळ्यात महिन्याभरात खवट होते, ती लगेच गल्लीतल्या कुत्र्यांना घाला. उरलेली औषधं मात्र कोणालाही देऊ नका. महापालिकेचा परवाना काढला असेल तर तो रद्द करून घ्या.

नवं पिल्लू कधी आणायचं, याचं उत्तर घरातला सगळ्यात नाखूश माणूस हो म्हणेल तेव्हा. जुनं नाव त्याला देऊ नका. त्याची सतत तुलना होईल आणि त्यात ते दर वेळी हरेल.

मरण पार्व्होने आलं असेल तर भावनेपेक्षा मातीचा विचार आधी. हा विषाणू सावलीतल्या ओलसर मातीत वर्षभरही टिकतो. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुवायची, मग साध्या ब्लीचचा एक भाग आणि पाणी तीस भाग असं द्रावण दहा मिनिटं राहू द्यायचं. घाण असलेल्या फरशीवर ब्लीच ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते. अंगणातल्या मातीवर ब्लीच चालत नाही, तिथे वर्षभर थांबणं किंवा लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणणं हेच मार्ग. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या आजाराचा विषाणू उलट उन्हात फार टिकत नाही. आणि पिल्लू जानेवारीच्या तोंडावर आणणार असाल तर गड्ड्याचं दारूकाम होऊन जाऊ द्या, मग आणा.